कुंपण निघाल्यानंतर

प्रिय सिल्वी,

तुमचं टोर्नियो आणि आमचं हापारांडा यांत अंतर ते किती, चौक ओलांडला की देश बदलतो. तरी पत्र टाकतेय, कारण फोन तू उचलत नाहीस. इथे बर्फ वितळतोय, जिकडेतिकडे चिखल. रॉल्फचा गुडघा पुन्हा धरलाय, त्यामुळे दिवसभर घरात नवऱ्याची कुरकुर.

कोरोनाच्या त्या वसंतात तुमच्या सरकारनं चौकात कुंपण घातलं, तेव्हा आम्ही हसलो होतो. इथे शाळा चालू, हॉटेलं चालू. रॉल्फ म्हणायचा, "फिनलंडवाल्यांना नवीन युद्ध सापडलं!" तू मात्र जाळीपलीकडून मास्कमधूनच ओरडलीस, "आउने, मागे हो! तुम्हा स्वीडिश लोकांना अक्कल कधी येणार?" मी स्वीडिश कधी झाले गं? लग्न करून नदी ओलांडली, एवढंच.

मग आपल्या आईच्या इथल्या वृद्धाश्रमात साथ शिरली. या वयात इस्पितळात नेऊन हाल कशाला, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. विचारलं नाही, कळवलं. तू आली असतीस, पण परत गेल्यावर तुला कोंडून घ्यावं लागलं असतं, आणि तुझ्या वॉर्डात नर्स आधीच कमी. अंत्यविधीनंतर जाळीशी आलीस आणि एवढंच म्हणालीस, "आमच्याकडे असती तर जगली असती." तेव्हापासून गप्प आहेस. कुंपण निघालं, तरी इकडे पाऊल टाकलं नाहीस.

जगली असतीही. मी भांडत नाही. पण तुझ्या शेजारचा एइनो? म्हातारा दार लावून महिनोन्‌महिने एकटा बसला, शेवटी खाणंच सोडलं त्यानं. तो साथीनं गेला असं तुमच्याकडे कुणी म्हणत नाही. इकडचे लोक आईलाही "वयानं गेली" म्हणतात. मी मान डोलावते आणि घरी येऊन रडते.

बाबा तुमच्याकडच्या दफनभूमीत आहेत, आणि आईला त्यांच्याशेजारीच जायचं होतं. तेव्हा हद्द बंद, म्हणून तिची रक्षा इथेच पुरली. आता ती हलवायची परवानगी मिळालीय. शनिवारी दुपारी मी आईला घेऊन चालत येतेय. रॉल्फ गाडीनं सोडतो म्हणाला, मी नको म्हटलं. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण दफनभूमीच्या फाटकाशी ये. कलश खाली उतरवायला दोघी लागतील, आणि परक्या माणसाच्या हाती तिला द्यायची नाही मला.

तुझीच,
आउने