बिडाचा पिस्टन, अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन

१२ ऑक्टोबर १९६४, मालवण
मामाची लाँच दुसऱ्या होडीने ओढून आणली. इंजिन गच्च. उघडलं तर नवा पिस्टन सिलिंडरला धरलेला. मागच्या महिन्यात मामाच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये मीच बसवला. जुना बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा होता, हा अ‍ॅल्युमिनियमचा. मामाने मुंबईहून दोन आणले होते. लाँच चालवणारा तांडेल सान्तान नि चार खलाशी दीड दिवस नुसते वाहत होते. खडकाला लागले असते तर...

१३ ऑक्टो.
मामाने धक्क्यावर सांगितलं, इंजिन थंड करणारं पाणी सान्तानने बघितलंच नाही. त्याला काढून टाकलं. मी नळी पाहिली, पंप पाहिला. दोन्ही ठीक.

१६ ऑक्टो.
वही काढली. नव्या पिस्टनला सिलिंडरात फट ठेवली ती बिडाच्याच मापाने. शिल्लक अ‍ॅल्यु. नि जुना बिडाचा, दोन्ही घेतले. गार असताना शेडमधल्या एका जुन्या सिलिंडरातून दोन्ही उतरतात. मग उकळत्या पाण्यात ठेवून काढले. बिडाचा उतरला. अ‍ॅल्यु. मध्येच अडकला. हलका, मऊ, कानस लगेच धरते, पण तापला की बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतो. फट जास्त हवी होती. चूक माझी.

१७ ऑक्टो.
मामाला सगळं सांगितलं. त्याने जेवता जेवता ऐकलं. "ह्या भायर गेला तर आमच्याकडे इंजिन कोण आणतलो?" मग आईकडे बघितलं. बाबा गेल्यापासून आम्ही दोघं त्याच्याच घरात. पुढचं त्याला बोलावं लागलं नाही.

२२ ऑक्टो.
सान्तानला कोणी होडीवर घेत नाही. आज शेडवर आला. "माजी चूक खंय झाली ता सांग. परत करूचंय नाय." मी नट घासत राहिलो. सांगणार होतो, पण

२३ ऑक्टो.
आईला सांगितलं. म्हणाली, या वयात मी कुठे जाऊ? भांडी आवरून झाल्यावर म्हणाली, सान्तानच्या बायकोला सहावा महिना आहे.

२५ ऑक्टो.
सान्तानला बोलावून दोन्ही पिस्टन उकळून दाखवले. अडकलेला त्याने अंगठ्याने दोनदा ढकलून पाहिला. शिव्या देईल वाटलं होतं. नाही दिल्या. "आता ह्या कोणाक सांगतलंस?"

२६ ऑक्टो., सकाळ
सान्तानबद्दल होडीवाल्यांची बैठक. काय बोलायचं ते मामाने पढवून ठेवलंय. पिशवी भरली: दोन्ही पिस्टन, जुना सिलिंडर. मामाने विचारलं, काय आहे? हत्यारं, म्हटलं. तो अंगणातून हाका मारतोय. आई दारात उभी. निघतो.