घरचा ब्रश घेऊन येणे

सर,

आज मी जिंकले. आधी हेच सांगते, कारण प्रस्तावना तुम्हाला कधीच आवडली नाही.

तुमच्या शनिवार पेठेतल्या दवाखान्याच्या दारावर पाटी होती, 'घरचा ब्रश आणल्याशिवाय हिरड्या तपासल्या जाणार नाहीत.' मी तुमच्या हाताखाली नवीनच होते. एका गृहस्थांचे दात चकचकीत करून दिले आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "छान. आता रोज सकाळी त्यांच्या घरी घासायलाही तुम्हीच जाणार का?" कान लाल झाले माझे. पण बिबवेवाडीत स्वतःचा दवाखाना थाटला, तेव्हा दारावर तीच पाटी लावली.

ती वाचून एक मावशी ब्रशऐवजी चक्क मशेरीची डबी घेऊन आल्या. शहराच्या हद्दीत आलेल्या गावातल्या. हिरड्या सुटलेल्या, पुढचे दात हलतायत, आणि सगळे काढून कवळी बसवायचं सूनबाईंनी ठरवूनच टाकलेलं. "माझं दात हायेत, माझ्याच तोंडात ऱ्हाऊ द्या," मावशी म्हणाल्या. मी हिरड्यांच्या आतपर्यंत साफ केलं, हातात आरसा देऊन ब्रश शिकवला, मशेरी बंद करायला लावली. थोड्याच दिवसांत त्या तणतणत परत! "मशेरी सोडली आन् रगात सुरू झालं. आदी थेंब येत न्हवता." सून म्हणाली, "बघा, मी सांगतच होते." क्षणभर वाटलं, गेले आता सगळे दात. मग तुमचंच सांगितलं, "मावशी, तंबाखूनं रक्त दबतं, रोग आत चालूच असतो. माझे सर म्हणतात, रक्त येतं तिथून ब्रशनं पळायचं नाही, तिथंच हळू फिरवायचा." त्या आरशात बघत राहिल्या. "तुमचं सर म्हंत्यात, तर बघू," म्हणाल्या.

काही महिने गेले. आज हिरडीत तपासणीची बारीक सळई फिरवून पाहिली. कुठेही रक्त नाही! एक दाढ वाचली नाही, झिजलेलं हाडही परत यायचं नाही, पण बाकीचे दात घट्ट उभे आहेत. मावशींनी पिशवीतून पेरू काढला आणि मी नको नको म्हणेपर्यंत सुनेकडे बघत कचकन चावला. सर, मी दवाखान्यात टाळ्या वाजवल्या. सूनसुद्धा हसली.

निघताना म्हणाल्या, "तुमच्या सरास्नी सांगा, म्हातारीनं दात राखलं." मी म्हणाले, सांगते. म्हणून हा कागद. तो टपालात पडणार नाही, ठाऊक आहे. पण तुम्ही आता नाही, हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही.