पट्टीवरची पुसट रेघ

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पोटाचा विषय निघाला की तुम्ही मला शिवाजी पेठेतल्या आपल्या दुकानात दिसता. पेठेतल्या पोरांच्या फुटबॉलच्या जर्सी शिवताय, आणि मध्येच मशीन थांबवून डाव्या हातानं पोट दाबून धरताय. मी डॉक्टरांचं नाव काढलं की चिडायचा. "पित्त हाय. त्याला काय तपासायचं? जा, अभ्यास कर." मग एका सकाळी रक्ताची उलटी झाली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. अल्सर होता म्हणाले. भेटायला आलेल्या बायका आईसमोरच बोलल्या, हिच्या हाताला तिखट लई. तेव्हापासून आईनं तिखटाचा डबा मागं सारला.

मी आता लॅबमध्ये काम करते. यंदा आमच्याकडं लघवीवरून अल्सर करणारा पोटातला जंतू ओळखणाऱ्या दोन प्रकारच्या पट्ट्या आल्या. शाहूवाडीकडची म्हातारी माणसं दुर्बिणीची नळी गिळायला घाबरतात, म्हणून आमच्या डॉक्टर मॅडमना बघायचं होतं की यातली कुठली पट्टी जास्त खरं सांगते. ज्यांच्या पोटाच्या अस्तराचा तुकडा तपासायला दुर्बिणीतून काढलाय, त्यांची लघवी दोन्ही पट्ट्यांवर टाकायची आणि तुकड्याच्या रिपोर्टशी ताडून बघायची. एकदा निरोगी माणसाचा नमुना म्हणून मी माझाच टाकला. एका पट्टीवर जंतूची रेघ आली नाही. दुसरीवर पुसट उमटली.

मी पट्टी घेऊन मॅडमकडं गेले. काही महिने माझंही पोट जळत होतं आणि मीही पित्तच म्हणत होते. मॅडम म्हणाल्या, "लगेच घाबरू नका. लघवीत जंतू दिसत नाही, त्याच्याशी लढायला शरीरानं बनवलेलं द्रव्य दिसतं. जंतू गेल्यावरही ते बराच काळ राहतं. आणि कधी पट्टीच चुकते. नळी घालून बघूया."

नळी घातली, तुकडा तपासला. जंतू नाही, अल्सर नाही. पुढं दोन्ही पट्ट्या अधूनमधून चुकल्याच, माझ्या वेळी रेघ उमटलेली जास्त. नुसत्या पट्टीवर कुणाला औषध द्यायचं नाही, असं मॅडमनी ठरवलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. म्हटलं, तिखटानं अल्सर होत नाही, अण्णांनाही बहुतेक हाच जंतू असणार. ती भाजी निवडत होती.

"म्हंजे माझ्या हातनं न्हाय व्हय?"

"नाही, आई."

तिनं उरलेली देठं मोडली. मग म्हणाली, "उद्या मटण आण की. झणझणीत करूया." तुम्ही गेल्यापासून असं तिनं आपणहून कधीच सांगितलं नव्हतं.

हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून खरं लिहिते. माझा रिपोर्ट हातात आला तेव्हा मला तुमची आठवण आली नाही, अण्णा. मी वाचले, एवढंच कळलं, आणि लॅबच्या जिन्यातच बसून मी पोटभर हसले.