एका उशीचा दर

रविवार, २ नोव्हेंबर. महल्ला, इजिप्त.

गादी जिन्याच्या वळणावर अडकली. वरून मी ओढत होतो, खालून शिहाताकाका ढकलत होते. काका म्हणजे या इमारतीचे राखणदार. त्यांनी विचारलं, इंजिनियरसाहेब, एवढी रुंद गादी आणि माणूस एकटा, उरलेल्या जागेत काय कांदे वाळत घालणार? मला हसू आलं, हात सुटला आणि गादी त्यांच्या अंगावर. गादीखालून शिव्या ऐकू येत होत्या. फार दिवसांनी इतका हसलो.

खाली मालकीणबाई हज्जा इन्शिराह यांची उशा-पांघरुणांची वखार, वर माझी खोली. राहणं इथेच, कामही इथेच. त्यांच्या जुन्या ऑनलाइन दुकानातले घाऊक दर नव्या दुकानात हलवायचे. एक उशी घेतली तर एकशे ऐंशी पौंड, दोनपासून एकशे पासष्ट, डझनापासून एकशे चाळीस. प्रत्येक मालाच्या अशा पायऱ्या. शनिवारी नवं दुकान उघडतं. दर चोख लागले तर हज्जा मला कायम ठेवणार आहेत. मग इस्माइलिया शहरातल्या घरी परतायला नको. आई गेल्यापासून तिथे मी रेडिओ बंद करत नाही. इथेही आणलाय.

काकांनी उशा दोन आणल्या. एक परत न्या म्हटलं तर म्हणाले, उशांच्या वखारीवर राहता आणि उशी परत करता? हज्जा मला हाकलतील.

सोमवार, ३ नोव्हेंबर.

जुन्या दुकानात प्रत्येक दर ‘इथपासून इथपर्यंत’ असा लिहिलेला. नव्यात फक्त ‘इथपासून’. वरची हद्द गळून पडते, त्यामुळे एक ओळ चुकली की खालच्या सगळ्या सरकतात. दिवस त्यात गेला. दुपारनंतर पाऊस पडला, गल्लीत चिखल झाला, आसपासच्या यंत्रमागांचा आवाज मात्र थांबला नाही. बरं वाटतं त्या आवाजाचं.

तपासायला माझ्या नावाचं ग्राहकखातं उघडलं आणि कार्टमध्ये एक उशी टाकली. दर आला एकशे पासष्ट. दोनाचा. कुठेतरी ओळ सरकली असणार.

काका चहा घेऊन आले. ग्लास दोन. तुमच्याकडे कुणी आलंय ना, म्हणाले. नाही म्हटलं. दोन्ही मीच प्यायलो.

बुधवार, ५ नोव्हेंबर.

ओळी बरोबर आहेत. काकांच्या नावाने खातं उघडून पाहिलं : एक उशी, एकशे ऐंशी. हज्जांच्या फोनवरूनही एकशे ऐंशी. माझ्याच खात्यात एक उशी दोन धरली जाते.

हज्जांना सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, लग्न करून माझ्यापासून लपवलंस की काय रे पोरा? मग हसणं थांबलं. म्हणाल्या, आज तुझ्या खात्यात होतंय, उद्या गिऱ्हाइकाच्या होईल. एका उशीला दोनाचा दर लावून मी खैरात वाटायला बसले नाही. शुक्रवारपर्यंत नीट कर, नाहीतर इस्माइलियाची गाडी पकड.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याने बाकल्याची उसळ दोन डब्यांत भरली. मी एकच सांगितली होती. तो म्हणाला, दुसरी तुमच्या सोबतचे सांगून गेले.

गुरुवार, ६ नोव्हेंबर.

खात्यांची यादी उघडली. माझ्या नावाची खाती दोन. फोन तोच, पत्ता हीच खोली. दुसरं मी उघडलेलं नाही.

दोघांची कार्ट एकच आहे. मी उशी टाकली की तिकडून एक पडते. मी काढली की तिकडून निघते. लगेच नाही. जरा थांबून. बघून केल्यासारखी.

पलंगावरची दुसरी उशी मधोमध दबली आहे. मी भिंतीकडच्या उशीवर झोपतो.

रेडिओ लावायचा राहिला, हे आत्ता लक्षात आलं. आठवणच झाली नव्हती.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर.

शुक्रवारची सुट्टी. वखार बंद. मागही बंद. हज्जांचा निरोप : आजच.

नवं दुकान विचारतं आहे — ही दोन खाती एकाच माणसाची दिसतात, कोणतं ठेवायचं? फरक शोधतोय. नाव, फोन, पत्ता. उघडल्याची वेळसुद्धा — तीच.

दोन्ही ठेवली तर इस्माइलिया. ते घर.

वरचं माझं असावं. बहुधा वरचं —

खालचं काढलं. शेजारी कुणीतरी श्वास सोडला. किंवा मीच.

एक उशी. एकशे ऐंशी.

शनिवार, ८ नोव्हेंबर. सकाळ.

दुकान उघडलं. दर चोख आहेत. हज्जांनी काकांबरोबर निरोप पाठवला, इंजिनियरसाहेबांना सांग, नोकरी पक्की.

काका निरोप सांगायला वर आले. चहाचा ग्लास एकच. माझ्यापुढून नेऊन पलीकडच्या खुर्चीसमोर ठेवला. खुर्चीकडे बघून म्हणाले, काय साहेब, आज एकटेच? पाहुणे गेले वाटतं.

मी म्हणालो, काका, मी इकडे आहे. त्यांनी मान वळवली नाही.

खुर्चीतून उत्तर आलं, हो, गेले. आवाज माझा —

काका जिना उतरताहेत. मी हाक मारली. परत मारली. खुर्चीतून हात आला, रेडिओ लावला. मी पुन्हा