ज्या प्रार्थनेला तुम्ही आमेन म्हटलं नाही

पपा, आई आता घास गिळायचं विसरायला लागली आहे. भरवलेला मऊ भात तसाच गालात धरून बसते आणि मी वाटी हातात घेऊन तिच्या तोंडाकडे बघत बसते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला डोळे मिटावे लागतात. पण हे दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही, जो तो लगेच समजवायला लागतो. गेल्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेब घरी आले होते. तरुण आहेत, इकडचेच हिंदी बोलणारे, मनाचे चांगले आहेत. आईच्या डोक्यावर हात ठेवून, ती बरी व्हावी म्हणून त्यांनी मोठ्याने चंगाईची प्रार्थना केली आणि जाताना मला म्हणाले, "विश्वास रखिए दीदी, प्रभु के लिए कुछ भी कठिन नहीं." मी म्हटलं, "चाय लेंगे?" तुम्ही असता तर डोळे वटारले असते. पण काय करू, राग आला होता मला. आईला बरं कर, असं मी पुष्कळ दिवस मागितलं. मग मागवेना. आता ओठांवर दुसरीच प्रार्थना येते, आणि ती आली की मला तुमचा चेहरा दिसतो. कारण तीच प्रार्थना आईने एकदा तुमच्यासमोर केली होती, तुमच्या आईसाठी, आणि तुम्ही तिला आमेन म्हटलं नव्हतं.

ते बांगलादेशच्या लढाईचं वर्ष. फॅक्टरी रात्रंदिवस चालू, तुमचा ओव्हरटाइम संपतच नव्हता. गोळ्यांत बारूद भरायच्या खात्यात तुम्ही होता, आणि त्या मसाल्याने तुमचे हात मनगटापर्यंत पिवळे झालेले असायचे. कपड्याचा साबण लावा, राख लावा, जात नसे तो रंग. आजी तोवर बरीच हरवली होती. आजाराचं नाव आपल्याला ठाऊक नव्हतं, शेजारपाजारचे म्हातारचळ म्हणायचे. आत्ता जेवलेली, ते विसरून पुन्हा ताट मागायची, आणि दार उघडं दिसलं की निघायची थेट सिहोऱ्याच्या बसकडे, कारण तिचा भाऊ कधीकाळी तिथे मिशनच्या शाळेत मास्तर होता. तो भाऊ जाऊनही जमाना झाला होता. तुम्ही ड्युटीवरून आलात की ती तुमचे हात आपल्या हातात घेऊन न्याहाळायची आणि खुदकन हसायची. "काहून रे, हळद लागली तुले? नवरी कुठची पाहिली?" तुम्ही म्हणायचे, "पाहून राहिलो, माय. तू पसंत करशील तीच." आत चुलीपुढून आई म्हणायची, "पसंत करा लवकर, पोळ्या थंड होऊन राहिल्या." त्या दिवसांत घरात हसू यायचं ते एवढंच. बाकी सगळं आईच्या अंगावर होतं. आजीची अंघोळ, आजीचे कपडे, थंडीत अंगणातल्या नळावर धुवायच्या चादरी. तुम्ही बारा-बारा तास तिकडे, आणि आई इकडे वाळत चालली होती.

आपल्याकडे संध्याकाळची प्रार्थना जेवणाआधी व्हायची. लहानापासून सुरुवात, एकेकाने आपल्या शब्दांत मोठ्याने करायची, आणि शेवट घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने. शेवट आजीचा. ती चांगली होती तेव्हा सगळ्या गल्लीची नावं घेऊन प्रार्थना करायची, भाजी गार व्हायची. डोकं गेल्यावर दुसऱ्या कोणी गुपचूप तिला वगळून पुढे नेलं असतं. तुम्ही नाही. तुमची प्रार्थना झाली की तुम्ही म्हणायचे, "आता मायची बारी," आणि आपण सगळे डोळे मिटून थांबायचो. कधी ती म्हणायची, "भात खाली लागला वाटते." कधी विचारायची, कोंबड्या कोंडल्या का. कधी नुसती बसून राहायची, लुगड्याचा काठ चाचपत. तुम्ही पुरेसं थांबून, चर्चमध्ये म्हणता त्याच आवाजात म्हणायचे, आमेन. कोंबड्यांना आमेन. एकदा मला हसू आवरलं नाही तर तुम्ही जेवताना शांतपणे म्हणालात, "तिचं बोलणं देवाला समजते का नाही, ते तू ठरवू नको." रागावला असता तर बरं, असं वाटलं होतं मला.

मग ती संध्याकाळ. ब्लॅकआउट आहे, काचांवर काळा कागद चिकटवलेला, बल्बलाही कागद गुंडाळलेला. दुपारी आजी पुन्हा निघून गेली होती, आईने तिला पार मोठ्या सडकेवरून ओढत आणली, आणि ओढताना आजी तिच्या हाताला चावली. दातांचे वळ मला दिसताहेत. माझी प्रार्थना होते, आईची बारी येते. आई नेहमीसारखी अन्नाचे आभार मानते, सीमेवरच्या पोरांसाठी मागते, आणि मग थांबून म्हणते, "प्रभू, माझ्या सासूबाईला आता ने. तिचे हाल होऊन राहिले, माझे पण होऊन राहिले. तुझ्यात माया असेल तर ने." आणि तुम्ही आमेन म्हणत नाही. असं कधी झालं नव्हतं. मी डोळे उघडते. तुमचे ते पिवळे हात मांडीवर पडलेले आहेत आणि तुम्ही त्यांच्याकडेच बघताय.

"असं नको मागत जाऊ," तुम्ही म्हणालात. "दिवसभर मी जीव घ्यायचंच सामान भरून राहिलो. घरी येऊन आणखी एक जीव मागू?"

आईने पदर डोळ्यांना लावला नाही की काही नाही. सरळ बोलली. "तुम्ही तिकडे भरता. इथं उपसते मी."

बाहेर, कुठे उजेड दिसतो का बघत फिरणाऱ्या वॉर्डनची सायकल खडखडत गेली. तुम्ही म्हणालात, आता मायची बारी. आजी आईकडे बघत होती. ओळखत नव्हतीच ती तिला, कधीची. म्हणाली, "ही बाई लय दमली. हिले कोणी घरी पोचवा." त्या दिवशी आमेन आईने म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून ड्युटीवर जायच्या आधी आजीच्या चादरी तुम्ही धुवायला लागलात, क्वार्टरांच्या अख्ख्या लाइनीतल्या लोकांसमोर. आजी पुढे उन्हाळ्यापर्यंत होती, आईच्या हातून पेज पिता पिता गेली. त्या प्रार्थनेबद्दल तुम्ही दोघं पुन्हा बोललात का, मला माहीत नाही. मोठी झाल्यावर विचारीन म्हणता म्हणता तुम्हीच गेलात.

आता इथे, मदन महल वस्तीतल्या या घरात, मी आणि आई दोघीच. गेल्या पावसाळ्यापर्यंत ती विचारायची, "आले का गं ड्युटीवरून?" मी म्हणायची, "ओव्हरटाइम आहे." तिला पटायचं, तुमचं ताट झाकून ठेव म्हणायची, आणि मीही झाकून ठेवायची. आता विचारत नाही. माझ्या तोंडाकडे बघते ते खिडकीकडे बघावं तसं. मला रडू येतं, आणि चीडही येते, कोणाची ते सांगता येत नाही. संध्याकाळी तिच्या पलंगाशी बसून प्रार्थना करते, शेवटी म्हणते, आता आईची बारी, आणि थांबते. तुमच्याकडून शिकले ते एवढं जमतं मला. ती काही बोलत नाही. श्वास घरघरतो, तो ऐकते आणि आमेन म्हणते. तिच्या बारीला अडत नाही पपा, माझ्याच बारीला अडतं.

तुमच्याजवळ नाही म्हणायला कारण होतं. तुमच्या हातांवर होतं ते, सगळ्यांना दिसायचं. मी जन्मभर पोस्टाच्या खिडकीत बसले, लोकांना तिकिटं दिली. मग मला मागता येईल का? की माणूस कोणीही असो, हे मागायचंच नाही? परवा भात तिच्या घशात अडकला. मी काय केलं, तर धावून जाऊन पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घालून घास काढला, आणि ती श्वास घ्यायला लागल्यावर तिला कवटाळून बसले. म्हणजे ती जायला नको आहे मला. आणि तिचे हे हालही आता बघवत नाहीत. देवाला ही दोन्ही एका तोंडाने कशी सांगू? तुम्ही सांगा. तुमचं आमेन मिळालं असतं तर मी मागून मोकळी झाले असते.

हे पत्र कुठे टाकणार आहे मी. पोस्टात नोकरी करून एवढं तरी कळतं. आणि आपल्यात गेलेल्या माणसांकडे काही मागत नाहीत, हेही कळतं. कबरीपाशी फुलं ठेवायची, देवाचे आभार मानायचे आणि परत फिरायचं, मेलेल्याशी बोलायचं नाही, मागायचं तर मुळीच नाही. तुम्ही याबाबतीत किती कडक होता. तरी सांगून टाकते. काल संध्याकाळी माझी बारी आली तेव्हा मी डोळे मिटले, आणि देवाचं नाव घेतलंच नाही. तुम्हालाच म्हटलं, पपा, तिला न्यायला या.