लाल छत्रीच्या मागून तोरुनमध्ये

तोरुन, शनिवार, दुपार

आदरणीय ब्रोनियाताईस,

येशू ख्रिस्ताची स्तुती असो. धाकट्या फेलाकडून तुझ्या दोन्ही गालांचे मुके, आणि उजव्या गुडघ्याची वेगळी चौकशी. गुडघा कसा आहे? कोबीचं पान बांधून झोपतेस ना? (पान आधी लाटण्याने ठेचून घे. न ठेचता बांधलंस तर विश्रांती फक्त कोबीला मिळते.) रक्तदाबाच्या गोळ्या सकाळच्या आहेत, त्या रात्री घेऊ नकोस. फोन करायचा सोडून मी पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. तर ताई, फोनवर तू 'हॅलो' म्हणाल्यावर जे सुरू करतेस त्यात मला शिरायला फटच सापडत नाही. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. एकसष्ट वर्षांत मला हे आत्ता कुठे सुचलं. काळजी नको म्हणून आधीच सांगून टाकते: मी सुखरूप आहे, गेनिया सुखरूप आहे, आणि तेकलासुद्धा, काय करणार, सुखरूप आहे.

आम्हा तिघी मैत्रिणींच्या सहलीची सगळी सूत्रं तेकलाच्या हातात आहेत हे तुला ठाऊकच आहे. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यामुळे तिला समोर दोन माणसं दिसली की तो वर्ग वाटतो. तिने सगळ्यात स्वस्त बस शोधून काढली. ती स्वस्त का आहे हे बसल्यावर कळलं: वाटेतल्या प्रत्येक गावाला ती जाऊन भेटते. नऊ तास लागले. खायला तेकलाने उकडलेली अंडी आणली होती, आणि ती सोलायची तिची एक पद्धत आहे, त्यावरून मागच्या सीटवरच्या बाईशी तिचं भांडण झालं. उतरलो मठाच्या अतिथिगृहात. खोली स्वच्छ आहे, चादरी इतक्या ताठ की अंगावर घेतली तर ती आपल्याला घेते. आंघोळीला गरम पाणी मिळतं, पण बाहेर एक म्हाताऱ्या सिस्टर उभ्या राहून दारावर टकटक करतात. पहिली टकटक म्हणजे साबण पुरे, दुसरी म्हणजे बाहेर या. गेनियाला उजव्या कानाने ऐकू येत नाही आणि आंघोळीला तिने नेमका तोच कान दाराकडे केलेला असतो, त्यामुळे तिसरी टकटक ऐकण्याचा मान आमच्याच खोलीला मिळाला.

मंगळवारी कललेल्या बुरुजाशी गेलो. तिथे भिंतीला पाठ आणि टाचा टेकवून, हात पुढे करून उभं राहायचं. जो पुढे पडतो तो पापी. तेकला, जिने आयुष्यात चर्चची एक मिस्सा चुकवली नाही, ती पहिली उभी राहिली आणि थेट एका पाद्रीबाबांच्या अंगावर जाऊन पडली. उठून तिने त्यांनाच गुरुत्वमध्य म्हणजे काय ते समजावून सांगितलं. गेनिया मुद्दाम पडली असा माझा संशय आहे, कारण तोवर तिथे एक देखणा स्वीडिश माणूस सावरायला उभा राहिला होता. माझी पाळी आली तेव्हा मला खोकला आला.

आता बुधवारचं सांगते. मुख्य प्रकार बुधवारचाच. गाईडला पैसे द्यायचे नाहीत हे तेकलाने घरूनच ठरवलं होतं. तिचं म्हणणं, गाईड बोलतो ते हवेतून येतं आणि हवेला तिकीट नसतं. म्हणून आम्ही दुसऱ्यांच्या घोळक्यामागे पाच पावलं अंतर ठेवून, आपण भलतंच काही बघतोय अशा चेहऱ्याने चालायचो. दोन दिवस नशिबी जर्मन घोळकेच आले. तेकला भाषांतर करायची. तिच्या भाषांतराप्रमाणे या शहरातली प्रत्येक वस्तू चौदाव्या शतकात आणि फार कष्टाने बांधलेली आहे. बुधवारी मात्र नगरभवनासमोर लाल छत्री वर धरलेली एक बाई दिसली, मागे आठदहा माणसं, आणि बोलणं शुद्ध पोलिश! आम्ही लागलो मागे. ती गल्लीगल्लीतून नदीच्या अंगाला गेली आणि एका अरुंद विटांच्या घरात शिरली. आम्हीही शिरलो.

"ही तुळई चारशे वर्षांची आहे," बाई म्हणाली. "भिंतींची जाडी बघा." आम्ही जाडी बघितली. गेनियाने तर भिंतीवर हात ठेवून डोळे मिटले. मग बाई म्हणाली की विजेच्या तारा तीन वर्षांपूर्वी नव्या घातल्यात, आणि मला ते संग्रहालयाच्या दृष्टीने फारच प्रामाणिक वाटलं. तेकलाने हात वर करून विचारलं, "इथे आधी कोण असायचं?" बाई म्हणाली, "छत्र्या दुरुस्त करणारे." तेकला माझ्या कानात म्हणाली, "मध्ययुगीन कारागीर. लिहून ठेव."

काउंटरमागे एक म्हातारे गृहस्थ कोट घालून बसले होते. आदल्या दिवशी एका ठिकाणी जुन्या वेषातला माणूस मसाल्याच्या केकचं पीठ मळून दाखवत होता, तसाच हाही पगारी देखावा, असं मी धरून चालले. पण कोटाची दोन बटणं गेलेली, बाहीचं अस्तर लोंबत होतं. ताई, गणवेशाच्या कारखान्यात तेहतीस वर्षं काढलेल्या बाईला लोंबतं अस्तर दाखवणं म्हणजे काय ते तुला कळेल. माझ्या पर्समध्ये सुईदोरा असतोच. मी जवळ जाऊन म्हणाले, "आजोबा, इतक्या लोकांसमोर बसवतात तुम्हाला, एखादं बटण तरी लावून द्यायचं संग्रहालयवाल्यांनी!"

"कुठलं संग्रहालय?"

"हेच की."

त्यांनी लोंबत्या अस्तराकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर बोललात बाई. फार दुर्लक्ष करतात." आणि कोट काढून माझ्या हातात दिला.

मी खिडकीच्या कट्ट्यावर बसून अस्तर शिवत होते तेवढ्यात एकाने विचारलं, आइस्क्रीमचं मशीन कुठे बसेल. दुसऱ्याला फ्रीजवर चिकटवायची चुंबकं विकायची होती, त्याला भाडं कमी करून हवं होतं. तेकलाचा चेहरा, फळ्यावरचं गणित आपणच चुकवलंय हे भरवर्गात कळावं तसा झाला. तिने गेनियाची बाही धरली. "फेला, ऊठ! दुकान भाड्याने द्यायचंय हे!" उठते कशी? मांडीवर परक्या पुरुषाचा कोट आणि दातात दोरा. छत्रीवाली बाई आमच्याकडे वळली. "तुम्ही कशासाठी आलात?" गेनियाने चांगला कान पुढे केला, तरी जे ऐकायचं तेच ऐकलं, आणि हसून म्हणाली, "बसने."

ते म्हातारे, आंब्रोझीकाका त्यांचं नाव, त्या घराचे मालक. सगळं आयुष्य त्यांनी तिथे छत्र्या दुरुस्त केल्या. त्यांनी मला विचारलं, "शिवता कुठे?"

"शिवत होते. कारखाना बंद पडला. आता ताईकडे असते."

"ताईकडे काय करता?"

मी दोरा दाताने तोडला, ताई. मी म्हणाले, "असते."

ते उठले, बाही उलटी करून माझा टाका बघितला, खिडकीच्या उजेडात नेऊन पुन्हा बघितला. मग छत्रीवाल्या बाईला म्हणाले, "बाई, मिटा ती छत्री." सगळे गेल्यावर त्यांनी चहा केला, तेकलाने उरलेली अंडी काढली (तिची चूक झाली की ती अंडी काढते), आणि काकांनी सांगितलं की या गल्लीत चुंबकं सोळा ठिकाणी मिळतात, पण पँटची चेन बदलून हवी असेल तर माणसाला नदी ओलांडून जावं लागतं. भाडं इतकं कमी सांगितलं की तेकलाने दोनदा विचारून घेतलं.

अर्थात मी नाही म्हणाले. तू घाबरू नकोस. मी स्पष्ट सांगितलं की हे शहर राहण्याजोगं नाही. रस्त्यांतले दगड टाचा खातात, घंटा वाजली की कप थरथरतो, आणि सकाळपासून केकचा वास येत असल्यामुळे माणसाला विनाकारण आनंदी वाटत राहतं, हे प्रकृतीला बरं नव्हे. या वयात नवीन काही सुरू करायचं म्हणजे लोक काय म्हणतील, तू काय म्हणशील, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं." म्हणून आज फक्त निरोप घ्यायला आले आणि त्यांच्याच काउंटरवर बसून हे लिहितेय. उद्याची बसची तीन तिकिटं काढलेली आहेत.

प्रकृतीला जप. कोंबड्यांना माझी आठवण सांग, शेजारणीला सांगू नकोस.

तुझीच धाकटी,
फेला

ता. क. सही केल्यावर सगळं परत वाचून काढलं. "असते" पाशी अडकले. चष्मा पुसून पुन्हा वाचलं, तरी तेच लिहिलेलं होतं. ताई, एक पान मागे जाऊन "नाही म्हणाले" हे खोडायचं होतं, पण कागद फाटेल म्हणून इथे लिहिते: मी हो म्हणाले. आत्ताच. काकांनी "बरं" असंच म्हटलं, फक्त मोठ्याने.

ता. क. २. या पत्राला तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. ते तेकलाने हातात दिलंय आणि ती तुझ्यासमोर उभी आहे. तिला ओरडू नकोस. तिने सगळा हिशोब तीनदा करून पाहिला आणि शेवटी म्हणाली, "फेला, चूक सापडत नाही." तिला आत बसव.

ता. क. ३. तुला जे वाटतंय ते नाही. काका चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि पुढच्या महिन्यात मुलीकडे ग्दिन्याला राहायला चाललेत.

ता. क. ४. आता मुख्य काम. तुझ्या जिरेनियमच्या कुंड्या ज्याच्यावर मांडल्यात ते टेबल नाही, माझं शिवणयंत्र आहे. कुंड्या खाली ठेव. गेनियाचा भाचा मंगळवारी ट्रक घेऊन इकडे येतोय, यंत्र त्याच्याकडे दे. त्याच ट्रकमध्ये पुढे दोघांना बसायला जागा असते. दुकानाच्या मागच्या खोलीला अंगणाकडे खिडकी आहे, तिथे दुपारी ऊन येतं. जिरेनियमला ऊन लागतं. मी आग्रह करत नाही.

ता. क. ५. घाईत लिहितेय. आत्ता एक घामाघूम गृहस्थ दार ढकलून आत आले. चार वाजता त्यांच्या मुलाचं नगरभवनात लग्न आहे आणि गाडीतून उतरताना त्यांची पँट मागून पार उसवली. ते पडद्यामागे काकांच्या घोंगडीत उभे आहेत, मी हाताने शिवतेय आणि काका घड्याळ बघतायत. पडद्यामागून गृहस्थांनी विचारलं, दुकान कधीपासून सुरू झालं? मी म्हणाले, "आत्ताच." तेवढा कात्रीचा डबा यंत्राबरोबर विसरू नकोस.