एंट्री एडिशन आणि न घाबरलेला मी

१२ मार्च, बुधवार
सकाळी मेल आला. विषय: लायसन्स रिव्ह्यू. ‘प्रिय श्री. भरत पडवळ, आपल्या एंट्री एडिशनच्या वापराबाबत...’ एवढं वाचलं आणि लॅपटॉप मिटला. घाबरून नाही. बॅटरी वाचवायला. (वायर लावलेली होती, तो भाग वेगळा.)

परिस्थिती नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं थंड राहील. मी ‘कोडरथ’ नावाच्या टूलवर सॉफ्टवेअर बनवतो. त्याच्या दोन एडिशन आहेत. प्रोफेशनल: दर माणशी, दर वर्षी पैसे, आणि आकडा असा की तेव्हा मी ते पेजच बंद केलं होतं. एंट्री: फुकट, शिकणाऱ्यांसाठी. मी एंट्री घेतली आणि तिच्यावर मंचरच्या कांदा आडत्यांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर बनवून विकलं. अटी वाचल्या नव्हत्या. खाली ‘आय ॲग्री’ होतं, ते दाबलं.

पण माणूस आयुष्यभर शिकतच असतो. म्हणजे मी शिकणाराच. कोर्टात हे टिकेल.

ठराव: उद्या मेल शांतपणे पूर्ण वाचायचा.

१३ मार्च, गुरुवार. होळी
सणाच्या दिवशी असले मेल वाचू नयेत.

‘सॉफ्टवेअर चोरी शिक्षा’ असं सर्च केलं. मग हिस्टरी पुसली. मग हिस्टरी पुसली हे कुणाला कळतं का, ते सर्च केलं. तेही पुसलं.

पुरणपोळी अर्धीच ठेवली. अश्विनी म्हणाली, “अवो, तुमाला काय व्हतंय? तोंड लई उतरलंय.” ॲसिडिटी म्हणालो. बायकोला टेक्निकल गोष्टींचा ताण द्यायचा नाही, हे माझं पहिल्यापासूनचं धोरण.

दुपारी मंचरला जाऊन ऑफिसचा बोर्ड उतरवला. ‘पडवळ सॉफ्टटेक सोल्युशन्स’. खालच्या खतवाल्याला सांगितलं, रंग द्यायचाय. तो म्हणाला, कालपरवाच तर दिला व्हता. मी म्हणालो, शेड चुकली.

१४ मार्च, शुक्रवार
आले. एवढ्या लवकर येतील असं वाटलं नव्हतं.

घरीच होतो, महाळुंग्यात. पांढरी गाडी थांबली. इन केलेला शर्ट, हातात फाइल असा एक माणूस उतरला. चहाच्या टपरीवर विचारत होता, “सॉफ्टवेअरवाले पडवळ कुठं राहत्यात?” आणि अख्खं गाव बोटं दाखवत होतं.

मी मागच्या दारानं निघालो. पळालो नाही, भरभर चाललो. उसात शिरलो. बराच आत गेल्यावर आठवलं, गेल्या आठवड्यात याच उसातनं बिबट्यानं कुशाबाईचं वासरू ओढून नेलंय. मग काहीतरी सळसळलं. मी खालीच बसलो (भरभर चालल्यामुळे). बाहेर जावं तर फाइलवाला, आत राहावं तर तो. विचार केला आणि आतच थांबलो. बिबट्या निदान प्रश्न तरी विचारत नाही.

गाडी गेल्याचा आवाज आल्यावर बाहेर आलो. एक चप्पल आत राहिली.

अश्विनी म्हणाली, तो माणूस निमगाव सावाचा. नवा वजनकाटा टाकलाय, त्याला सॉफ्टवेअर बनवून पाहिजे व्हतं. तुमी दिसला न्हाई म्हणून आता नारायणगावच्या कुणाकडं गेला.

अशी बतावणी करून येतात. मी तिला समजावलं. तिनं माझ्या अनवाणी पायाकडं बघितलं.

१५ मार्च, शनिवार
धाडसी निर्णय. पुरावाच नष्ट. लॅपटॉपवरनं कोडरथ काढून टाकलं. मग आडत्यांच्या दुकानात चालू असलेली माझी सॉफ्टवेअर इथं बसून बंद केली. जिनेशचा फोन. आडतीचा मोठा धंदा त्याचा, वडील सोहनलालशेठ यांच्याबरोबर. माझा सर्वांत जुना ग्राहक. म्हणाला, “भरतभाऊ, स्क्रीन काळी झाली राव. उद्या लिलाव हाय.” मी म्हणालो, सर्व्हर मेंटेनन्स. तो म्हणाला, “सर्व्हर तर आमच्याच टेबलाखाली हाय.” रेंज गेल्यासारखं करून फोन ठेवला.

१६ मार्च, रविवार
लिलाव. फोन बंद ठेवला. दिवसभर कडी लावून पडून होतो. ध्यान करत होतो म्हणायला हरकत नाही. कुणी दार वाजवलं की ध्यान मोडत होतं.

१७ मार्च, सोमवार
अश्विनीनं लॅपटॉप उघडला. मेल पूर्ण वाचला. मोठ्यानं. पुढचा मजकूर असा होता: आपल्या वेबसाइटवर चाळीस इंजिनियर आणि बारा जिल्ह्यांत ग्राहक असं दिसतं, तरी आपल्याला कोणती एडिशन लागू होते ते बघू, या नंबरवर बोला.

चाळीस हा आकडा मीच टाकला होता. व्हिजन म्हणून.

मी नको नको म्हणत असताना तिनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पुण्याची हर्षाली नावाची मुलगी. आवाज गोड. माझा घाम कानामागनं चाललेला.

तिनं विचारलं, इंजिनियर किती? मी म्हणालो, सध्या रिस्ट्रक्चरिंग... अश्विनी म्हणाली, “एकच. हे.” ग्राहक? “तीन.” मग वर्षाची कमाई. अश्विनीनं तीही सांगितली. हर्षालीनं विचारलं, “मॅडम, ही महिन्याची ना?” वर्षाचीच, असं कळल्यावर तिनं आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला.

मग म्हणाली, सर, एंट्री एडिशन छोट्या धंद्यालाही फुकटच असते, एका मर्यादेपर्यंत. आपण त्या मर्यादेच्या आसपाससुद्धा नाही. मी तुम्हाला ‘छंद’ या गटात टाकते.

मी म्हणालो, अहो, अकरा वर्षं झाली. मला प्रोफेशनल घ्यायची आहे. हप्ता असेल तर बघा. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “सर, तुम्हाला गरज पडणार नाही.”

फोन ठेवल्यावर वाटलं, अश्विनी हसेल. हसली नाही. चहा टाकायला आत गेली. हसली असती तर बरं झालं असतं.

१८ मार्च, मंगळवार
कोडरथ परत टाकलं. कायदेशीर माणूस म्हणून छाती काढून जिनेशच्या दुकानात गेलो. सगळं चालू करून देतो म्हणालो.

सोहनलालशेठ गादीवर बसून शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या हातानं लिहीत होते. जिनेश म्हणाला, “राहू द्या भाऊ. रविवारी बाबांनी हातानं केलं. लवकर उरकलं. भांडण बी झालं न्हाई.” रागात नव्हता. मला खुर्ची दिली, चहा मागवला.

मी बसवून दिलेला कॉम्प्युटर कोपऱ्यात सरकवलेला. त्यावर त्याची आजी झमकूबाई प्रवचन ऐकत बसली होती. मला बघून म्हणाली, “बाळा, तू मशीनवाला ना? आवाज लई बारीक येतोय.”

मी वाढवून दिला.